जॅकचा दांडा आणि काकूंचं लायसन

आमच्या घरमालकांना सगळी गल्ली पुलरकाका म्हणते. हे नाव कुणी पाडलं ते माहीत नाही, पण का पडलं ते सांगता येईल. मोटारीच्या पुढच्या चाकामागे गोळ्यासारखा एक सांधा असतो, बॉल जॉइंट. तो एकदा गंजून बसला की हातोड्याने बदडा, शिव्या द्या, गोडीगुलाबीने घ्या, ढिम्म हलत नाही. त्याला उपटायला दोन शिंगांचं एक अवजार लागतं. ते म्हणजे पुलर. आसपासच्या चार गल्ल्यांत ते एकट्या काकांकडे आहे. म्हणजे मालकीने आहे. प्रत्यक्षात ते काकांकडे मी वरच्या खोलीत राहायला आल्यापासून दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते कुणी तरी परत देत होतं आणि मागे दुसरा कुणी तरी हात पुढे करून उभा होता.

काकांनी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर तपासले. लोकांच्या मोऱ्यांमागे, जिन्यांखाली, कुत्र्यांच्या शेजारी वाकून त्यांनी आकडे वाचले. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांच्याकडून पिशवी परत घेतली, टोपी परत घेतली, पण मीटरला शिशाचं सील मारायची पक्कड मागायला विसरलं. त्या पक्कडीने आणि उरलेल्या शिशाच्या मण्यांनी पुढे काय उत्पात केला हे ऑफिसला कळलं असतं तर त्यांनी ती माणूस पाठवून नेली असती.

अकरा वर्षांपूर्वी काकांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून धाडधाड आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने सांगितलं, स्प्रिंग तुटलीय, गाडी चार दिवस ठेवून जा. काकांनी आयुष्यात आपली वस्तू दुसऱ्याच्या दारात चार दिवस ठेवलेली नव्हती. ते सरळ बाजारात गेले आणि नवी स्प्रिंग, पुलर, सांध्यातली रबरी कडी, म्हणजे बुश, दाबून बसवायचा प्रेस, मधून पोकळ असलेला एक खास पाना आणि स्प्रिंग आवळायचा कंप्रेसर असा सगळा संसार घेऊन आले. कंप्रेसर म्हणजे आकड्यांच्या दोन लांब लोखंडी कांबी. त्यांनी स्प्रिंग आवळून धरल्याशिवाय वरचा नट उघडायचा नाही. उघडलात तर स्प्रिंग आधी छताला भेटते आणि मग तुम्हाला.

काकांनी गाडी दारासमोर लोखंडी घोड्यांवर चढवली, डावं चाक काढलं, कंप्रेसर फडक्याने पुसला. एवढ्यात शेजारचे टेलर आले. त्यांच्याही गाडीची स्प्रिंग गेली होती. म्हणाले, तासाभरात आणून देतो.

तो तास सात महिने चालला.

सात महिन्यांनी कंप्रेसर आला तेव्हा काका बदललेले होते. त्यांनी नियम केला. अवजार न्यायचं तर ठेव ठेवायची, पैशाची नव्हे, वस्तूची. कुठली वस्तू? जिच्यावाचून उद्या तुमचं अडेल ती. तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, दोऱ्यात शिशाचा मणी ओवायचा, पक्कडीने दाबायचा, आणि वस्तू फळीवर. अवजार आलं की सील तुटणार, त्याआधी देव आला तरी नाही.

टेलरनी दुसऱ्यांदा कंप्रेसर नेला तेव्हा मोजायची टेप ठेवली. त्या आठवड्यात शिवलेले शर्ट अजून लोक घालतात, बाह्या दुमडून. मुख्याध्यापकांनी शाळेची घंटा वाजवायचा टोला ठेवला, आणि तीन दिवस मधली सुट्टी कधी झाली आणि कधी संपली यावर शिक्षकांत दुमत राहिलं. मी आमच्या साहेबांसाठी पुलर नेला तेव्हा माझ्या न्हाणीच्या नळाची चावी गेली. साहेबांचं काम दोन दिवसांत झालं. दोन्ही दिवस मी त्यांच्याच घरी जाऊन आंघोळ केली, त्यामुळे झालं.

एक गृहस्थ सासऱ्यांना घेऊन आले आणि ठेव म्हणून हेच ठेवून घ्या म्हणाले. काकांनी विचारलं, "यांच्यावाचून उद्या तुमचं अडेल का?" जावई खरं बोलणारा माणूस होता. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. काकांनी ठेव नाकारली. पण तेवढ्या वेळात सासऱ्यांना बसायला दिलेली खुर्ची आवडली. तेव्हापासून ते रोज दुपारी आपण होऊन येतात, फळीखाली बसतात आणि कुणी काही विचारलं नसतानाही मत देतात.

नियमाने अवजारं परत येऊ लागली हे खरं. पण एक परत आलं की दुसरा दारात उभाच. काकांना नाही म्हणता येत नसे. नियमात बसत असेल तर नाही कशाला म्हणायचं, हे त्यांचं मीटर-तपासनिसाचं डोकं. परिणाम असा की गावातल्या निम्म्या गाड्या लोण्यासारख्या चालू लागल्या आणि काकांची गाडी अकरा वर्षं एक पाय वर घेऊन दारात उभी राहिली.

आता काकूंबद्दल. काकूंनी सात वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन काढलं. पहिल्याच फेरीत पास. परीक्षकांनी म्हणे विचारलं होतं, इतकी वर्षं का थांबलात. काकू म्हणाल्या, गाडी दुरुस्त होतेय. लायसन आलं त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी काकू घोड्यांवरच्या गाडीत चढून बसतात. इंजिन सुरू करतात, आरसा नीट करतात, क्लच दाबतात, चारही गिअर टाकतात, वळायच्या आधी हात दाखवतात. अर्ध्या तासाने उतरतात आणि टायरांत हवा भरतात. स्टीअरिंगसमोरच्या आकड्याने एवढ्या वर्षांत एक किलोमीटरही पुढे सरकायचं नाव घेतलं नव्हतं. मी एकदा वरच्या खिडकीतून विचारलं, कुठपर्यंत गेलात काकू? म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीपर्यंत. आज ट्रॅफिक फार होता."

हसू आलं, पण पूर्ण नाही आलं.

मग एका मंगळवारी रस्तेखात्याची नोटीस आली. दारासमोर उभं असलेलं नादुरुस्त वाहन शुक्रवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत न आल्यास भंगार समजून उचललं जाईल. काकांनी नोटीस दोनदा वाचली आणि मजकूर मुद्देसूद आहे म्हणून कौतुक केलं. काकूंनी एकदाच वाचली. मग घडी घालून पर्समध्ये, लायसनच्या मागे ठेवली.

"या शुक्रवारी गाडी गेली," काकू म्हणाल्या, "तर मी लायसन फळीवर टाकेन. चिठ्ठी बांधून. आणि कुणी घ्यायला येणार नाही."

काका उठले. मलाही बरोबर घेतलं, कारण अवजारं जड असतात. नवी स्प्रिंग अकरा वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होतीच. लागणार होता फक्त कंप्रेसर आणि पोकळ पाना.

कंप्रेसर फोटोवाल्याकडे होता. फोटोवाल्याने पासपोर्टच्या फोटोला गिऱ्हाईक बसवायचं स्टूल ठेव म्हणून दिलेलं, त्यामुळे स्टुडिओत गिऱ्हाईक गुडघ्यात वाकून, हवेत बसल्यासारखं उभं राहत होतं आणि फोटोवाला त्याला म्हणत होता, चेहरा शांत ठेवा. कंप्रेसर मागच्या खोलीत होता आणि त्याच्यात स्प्रिंग आवळलेली होती. आवळून बारा दिवस झाले होते. ती सोडायची तर वरचा नट परत बसवायला हवा, आणि नट बसवायला पोकळ पाना हवा. खोलीचं दार फोटोवाल्याने बाहेरून लावून घेतलं होतं. त्याची बायको त्या दारासमोरून चालताना आवाज खाली करायची.

"तिला राग आलाय," फोटोवाला स्प्रिंगबद्दल म्हणाला.

पोकळ पाना दंतवैद्याकडे होता. आम्ही दंतवैद्याकडे गेलो. त्याची गाडी दवाखान्यामागे जॅकवर उंच उचललेली होती, चाक हवेत लोंबत होतं, आणि पाना नटावर चढलेला असताना बॉनेटच्या कोपऱ्यात असा काही अडकला होता की गाडी खाली टेकून चाक वर ढकललं गेलं तरच तो सुटणार. दंतवैद्याने सगळं करून पाहिलं होतं. एकदा दात उपटायचा चिमटासुद्धा लावला होता, त्याचा एक पाय वाकला होता.

"मग गाडी खाली घ्या ना," काका म्हणाले.

दंतवैद्याने काकांकडे असं पाहिलं जसं तो दाढ वेळेवर न दाखवणाऱ्याकडे पाहतो. "जॅकचा दांडा तुमच्या फळीवर आहे."

खरंच होता. दहा दिवसांपूर्वी दंतवैद्य घाईने पाना न्यायला आला होता, गाडी आधीच उचलून ठेवून, आणि हातात जो दांडा होता तोच त्याने ठेव म्हणून दिला. काकांनी त्याला रीतसर विचारलंही होतं, याच्यावाचून उद्या अडेल का? दंतवैद्य म्हणाला होता, नक्की अडेल. काकांनी समाधानाने सील मारलं. जॅक जुना, दांड्याचं टोक चौकोनी, गावात दुसरा बसत नाही. दांड्याशिवाय गाडी खाली येईना, गाडी खाली आल्याशिवाय पाना निघेना, पान्याशिवाय फोटोवाल्याची स्प्रिंग सुटेना, ती सुटल्याशिवाय कंप्रेसर मिळेना.

मी म्हटलं, काका, मी पळत जातो आणि दांडा आणतो. दहा मिनिटांचं काम.

काका थांबले. "आणि पाना?"

"पाना दांड्याने निघेल."

"म्हणजे आधी ठेव द्यायची आणि मग अवजार घ्यायचं." ते हळूहळू बोलत होते, चुकलेलं रीडिंग तपासावं तसं. "असं कसं चालेल? आज याला दिला, उद्या सगळे मागतील. पाना येऊ दे, दांडा लगेच देतो."

 दंतवैद्याने आत जाऊन पुढच्या पेशंटला आ करायला सांगितलं.

बुधवार असाच गेला. काकांनी दिवसभर कागदावर बाण काढले. दंतवैद्याकडून फोटोवाल्याकडे, फोटोवाल्याकडून स्वतःकडे, स्वतःकडून दंतवैद्याकडे. बाण कुठूनही सुरू केले तरी परत घरीच येत होते. खुर्चीतल्या सासऱ्यांनी मत दिलं की बाण उलटे काढून बघा. काढले. तेही घरीच आले.

गुरुवारी सकाळी काका उठले तर उशाशी चष्मा नाही. चष्म्याशिवाय काकांना हात लांब केला तर स्वतःची बोटं पाचऐवजी एका ढगासारखी दिसतात. चाचपडत बाहेर आले. मी वरून पाण्याची बादली न्यायला उतरलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं कानाने ऐकलं.

"माझा चष्मा पाहिलास?"

"फळीवर आहे," काकू म्हणाल्या. चष्मा रुमालात गुंडाळलेला होता, त्याला चिठ्ठी होती आणि दोऱ्यावर शिशाचं सील होतं. काकूंनी पक्कड चालवली होती, आणि मी मान्य करतो, काकांपेक्षा सफाईने. "अकरा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडून गाडी नेलीत. ठेव घ्यायची राहून गेली होती. काल लक्षात आलं."

"अगं, गाडी दारातच आहे."

"दारात आहे, पण परत आलेली नाही. गाडी द्या, चष्मा घ्या."

"चष्म्याशिवाय मला नट दिसणार आहे का? चष्म्याशिवाय मी गाडी कशी देऊ?"

काकूंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. हात सापडेपर्यंत धरून ठेवला. "ते दंतवैद्यांना विचारा. ते बिचारे दहा दिवस तोच विचार करतायत."

काका कप धरून बसून राहिले. चहा थंड झाला. सासरे दुपारी यायचे, पण त्या दिवशी सकाळीच आले होते. त्यांनीही मत दिलं नाही, म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती बघा. शेवटी काका उठले आणि फळीपाशी गेले. एकेक चिठ्ठी नाकाशी धरून, वासानेच वाचावी तशी वाचत, शिट्टी, सायकलची सीट ओलांडत दांड्यापर्यंत पोहोचले. त्यांनी कात्री मागितली. मी दिली. अवजार परत आल्याशिवाय त्या माणसाने आजवर एकही सील कापलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला कात्री दोऱ्यावर बसलीच नाही, बाजूची हवा कापली.

"घे," ते मला म्हणाले. "पळ. आणि पाना मागू नकोस. तो देईल तेव्हा देईल."

मी वळून पाहिलं तर काकू चष्म्याचं सील कापत होत्या.

दंतवैद्याने दांडा हातात घेतला आणि पेशंटला तोंड उघडं ठेवून तसंच सोडून मागे आला. गाडी खाली टेकली. पाना टण्णकन सुटून पडला. त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. दंतवैद्य पाना माझ्याकडे न देता स्वतःच फोटोवाल्याकडे निघाला, पेशंटला वाटलं आपल्यालाही जायचं आहे, तोही निघाला. फोटोवाल्याच्या मागच्या खोलीचं दार उघडलं, नट बसला, स्प्रिंग हळूहळू मोकळी झाली. फोटोवाल्याच्या बायकोने बारा दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याला मोठ्याने हाक मारली. आणि दुपारी दोन वाजता ही सगळी वरात कंप्रेसर घेऊन काकांच्या दारात.

काकांना मदतीची सवय नव्हती. अवजार घेऊन जाणारा माणूस त्यांना कळत होता, अवजारामागून येणारा माणूस कळत नव्हता. पण कामाला लागले. दंतवैद्याने तोंडात घालायचा छोटा आरसा लावून मागचा बोल्ट शोधला आणि सवयीने विचारलं, दुखतंय का? फोटोवाला स्प्रिंग आवळताना गाडीला म्हणत होता, हलू नका. सासऱ्यांनी आटे मोजले, प्रत्येक वेळी वेगळे आले. पेशंटने टॉर्च धरला. त्याचा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे त्याने एकही सूचना केली नाही, आणि सगळ्यांत उपयोगी तोच ठरला. पाच वाजता अकरा वर्षांनी डावं चाक चढलं. घोडे काढले. गाडी खाली टेकली तेव्हा तिने असा लांब उसासा टाकला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

शुक्रवारी पावणेअकराला रस्तेखात्याचा तपासनीस आला. मागे गाडी उचलायचा ट्रक. तपासनिसाच्या हातात शिक्का आणि शाईचा पॅड, दोन्ही उघडेच, म्हणजे निकाल त्याने आधीच ठरवला होता. काकूंनी केस घट्ट बांधले होते, पायात सपाट चपला. त्या किल्ली घ्यायला पुढे आल्या.

काका दारात उभे होते. किल्ली पुढे करताकरता त्यांचा दुसरा हातही पुढे आला, तळवा वर.

"ठेव?" काका म्हणाले.

सवयीने तोंडातून गेलं. त्यांना स्वतःलाच कळलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दंतवैद्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता किल्ली काकांच्या डोक्यात बसणार.

काकूंनी पर्स उघडली. नोटिशीच्या पुढे होतं ते लायसन काढलं आणि काकांच्या तळहातावर ठेवलं. "ज्याच्यावाचून अडेल ते," त्या म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन गाडीत बसल्या.

इंजिन सुरू. आरसा. क्लच. सात वर्षं जागच्या जागी केलेलं सगळं. फक्त या वेळी पहिला गिअर टाकल्यावर घर मागे गेलं. काकूंनी कोपऱ्यावर हात दाखवला, नियमाप्रमाणे वळायच्या आधी, आणि वळल्या. परत यायचं होतं. परत आल्या नाहीत. सगळे कोपऱ्याकडे बघत राहिले.

पाच मिनिटांनी तपासनिसाने विचारलं, "बाईंकडे लायसन आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "माझ्याकडे."

"तुमचं?"

"तिचं."

"मग तुमच्याकडे कसं?"

काकांनी त्याला आत नेलं आणि फळी दाखवली. नियम सांगितला. सिलं दाखवली. तपासनीस सील मारलेल्या वस्तूंपुढे मंदिरात उभं राहावं तसा उभा राहिला; शेवटी तपासनीसच तो. मग घसा खाकरून म्हणाला की त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचा पुढचा बुश गेलाय, गॅरेजवाला प्रेस नाही म्हणतो, तर असला काही प्रकार आपल्याकडे... काकांनी बुशचा प्रेस काढला. प्रेस त्या सकाळीच कुणी तरी आणून दिला होता आणि मागे, चमत्कार म्हणजे, कुणीच उभं नव्हतं.

"उद्या कशावाचून अडेल?" काकांनी विचारलं.

तपासनीस प्रामाणिक होता. त्याने शिक्का दिला. काकांनी सील मारलं. शिक्क्याशिवाय ट्रकला कुठलीच गाडी उचलता येत नाही, त्यामुळे ट्रक रिकामा गेला, आणि ड्रायव्हरने जाताना सगळ्यांचा निरोप घेतला.

काकू सव्वा दोन तासांनी आल्या. गाडी होती त्याच जागी, भिंतीपासून वीतभर अंतर राखून लावली. कुठे गेल्या होत्या ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. आकडा एकावन्न किलोमीटरने पुढे गेला होता; काकांनी चष्मा पुसून तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"डावीकडे वळताना कटकट वाजतंय," काकू म्हणाल्या. "बुश असणार. प्रेस कुठाय?"

काका फळीकडे बघू लागले. फळीवर शिक्का होता. काकूंनी चिठ्ठी वाचली, शिक्का वाचला, मग नवऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी खुर्ची सहा इंच मागे सरकवली.

काकांनी घाईघाईने लायसन काढलं आणि पुढे केलं. "गाडी परत आली. ही तुझी ठेव."

"राहू दे तिथेच," काकू किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "मी उद्या सकाळी गाडी पुन्हा नेणार आहे."